मामलेदारांचा फ

अमेरिकेत ॲन आर्बरला शिकायला येऊन मला दोन महिने झाले होते, आणि माझ्या मामाच्या शेताच्या सातबाऱ्यावरचं नाव बदलायचं काम गावाकडच्या कचेरीत पाच वर्षं अडलं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असू शकतो असं मला वाटलं, आणि तिथून माझ्या चुकांची यादी सुरू होते.

मी ज्यांच्या घरी माडीवरची खोली घेऊन राहत होतो ते काका पुण्याचे. वय साठीच्या जवळ, अंगात बाराही महिने एकच तपकिरी स्वेटर. चहा बशीत ओतून प्यायचे आणि पिता पिता कुणा मामलेदारांबद्दल बोलायचे. "आमच्या मामलेदारांना असला पाणचट चहा खपला नसता." "मामलेदारांचा मेहुणा असाच तुझ्यासारखा उशिरा उठायचा. फार काळ नाही उठला." मी समजलो, काकांचे कोणी भाऊबंद महसूल खात्यात असावेत. एका सकाळी धीर करून विषय काढला.

"काका, तुमच्या त्या मामलेदारांना एक चिठ्ठी दिलीत तर..."

"कुणाला?"

"मामलेदारांना. आमच्या मामाचं फेरफाराचं काम अडलंय."

काकांनी बशी खाली ठेवली. "ते वारले."

"अरेरे! कधी?"

"झाली की आता सतरा-अठराशे वर्षं." आणि जरा थांबून, "मुंडकं तोडलं त्यांचं. वेशीवर टांगलं होतं. थंडीचे दिवस होते, बरंच टिकलं म्हणतात."

मी मामाला आधीच लिहून टाकलं होतं की ओळख निघाली आहे, काळजी नको. मामा पुढे कित्येक वर्षं प्रत्येक पत्रात विचारायचा, "त्या गृहस्थांचं काय झालं?"

गृहस्थ चीनमधले होते. हान साम्राज्य मोडकळीला आलं त्या काळातले एका तालुक्याचे अधिकारी. वर दरबार कोसळत होता, रस्त्यांवर बंडखोर आणि लुटारू, वरून हुकूम येईनासे झाले होते. तेव्हा या माणसानं आपले आपण हजारभर शिपाई जमवले आणि तालुका बापाचा असल्यासारखा राखला. अर्धा सरकारी नोकर, अर्धा पुंड. इंग्रजीत अशांना वॉरलॉर्ड म्हणतात. काकांना तो शब्द आवडायचा नाही. "लॉर्ड कसला डोंबलाचा? मामलेदार होता."

काका तरुणपणी पुण्यात चिनी शिकले, ते का, हे त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. पीएच.डी. करायला म्हणून इकडे आले. ती झाली नाही. एक गाइड निवृत्त झाले, दुसरे वारले, तिसरे काकांना कॉरिडॉरमध्ये पाहिलं की जिन्यानं जायचे. शेवटी काका युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीच्या तळघरात चिनी पुस्तकांची कार्डं लिहायच्या नोकरीला लागले आणि वीस वर्षं तिथेच राहिले. काकू एका डिसेंबरात पुण्याला म्हणून गेल्या त्या परत आल्या नाहीत. मामलेदार मात्र राहिले.

मंडळाच्या गणपतीला लोक त्यांची मजा करायचे. एक डॉक्टर दर वर्षी आरतीनंतर मोठ्यानं विचारायचे, "काय काका, मामलेदार काय म्हणतात?"

"काही नाही. मेलेलेच आहेत," काका म्हणायचे आणि मोदक घ्यायचे.

हसणाऱ्यांत मीही असायचो. पुढे मंडळातल्याच एका काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तू त्यांच्याकडे राहतोस ना? घरात हीटिंग असतं का रे?" असायचं, पण नावाला. मामलेदारांच्या शिपायांना वेढ्यात कोट नव्हते, म्हणून काका थर्मोस्टॅट वर करू देत नसत. मिशिगनच्या जानेवारीत मी हातमोजे घालून पोळ्या लाटलेल्या आहेत. त्या कशा झाल्या ते विचारू नका. काका म्हणाले, "वेढ्यातल्या सहाव्या आठवड्यात हे चाललं असतं."

तो वेढा म्हणजे काकांच्या आयुष्याचा विषय होता. सात आठवडे मामलेदारांच्या शहराला शत्रूचा गराडा. आधी धान्य संपलं, मग घोडे, मग लोकांनी ढालींचं कातडं उकळून खाल्लं. त्यापुढे काय खाल्लं हे काका सांगायचे नाहीत. "ग्रंथात आहे. शीक चिनी आणि वाच." एका पहाटे पश्चिमेचा दरवाजा आतून कुणीतरी उघडला. शत्रू आत आला आणि त्यानं कुत्र्यामांजरांसकट शहर कापून काढलं. राज्याच्या बखरीत याबद्दल एकच ओळ आहे: दरवाजा मामलेदारांनी उघडला. बस. तेवढ्या ओळीवर तो माणूस इतकी शतकं फितूर म्हणून ओळखला जातो. त्याच्या गावी त्याच्या नावाची शिवी आहे म्हणे.

काकांचं म्हणणं, हे खोटं आहे. दरवाजा उघडला तो मामलेदारांच्या हाताखालच्या नायबानं. मामलेदारांनीच उघडला असता तर शत्रूनं त्यांचंच मुंडकं का टांगलं असतं? आणि नायबाला पुढच्या वर्षी बढती कशी मिळाली? शिवाय काकांना एका शिलालेखाचा ठसा सापडला होता. नायबाच्या नातवाच्या थडग्यावरचा. त्यात नातू अभिमानानं सांगतो की आमच्या आजोबांनी अमुक शहर उघडून दिलं.

"मग बखरीत चूक कशी झाली?" मी विचारलं.

"मामलेदारांचं आडनाव काय?"

"फान," मी म्हणालो.

"आणि नायबाचं?"

"पान."

"संपलं. एक जण सांगत होता, दुसरा लिहून घेत होता. लिहिणाऱ्या कारकुनानं पानचं फान ऐकलं. पेंगत असेल. नाहीतर जेवायची वेळ झाली असेल. हरामखोर!" त्या कारकुनाला काका रोज एकदा तरी शिवी द्यायचे. चहाच्या आधी, देवाचं नाव घ्यावं तशी.

पण माझ्या 'फान'वर ते कधीच खूश नव्हते. मी मुंबईचा, मला फ म्हणजे वरचे दात खालच्या ओठावर टेकवून वारा सोडायचा, इतकंच माहीत. 'फोन'मधला फ.

"फळ म्हण."

"फळ."

"हे इंग्रजी फळ झालं. ओठ मीट. प म्हणायला मिटतोस तसे. आणि मग ह सोड. प-ह. तुझी आजी कशी म्हणायची?"

आजी कशी म्हणायची ते आठवेना. दोन हिवाळे मी भांडी घासताना फणस, फडकं, फुकट, फजिती असे शब्द ओठ मिटून म्हणत होतो. माझा तमिळ रूममेट, जो फार दिवस टिकला नाही, तो समजायचा मी प्रार्थना करतो. काकांचं म्हणणं, आपल्या लोकांना देवानं प आणि फ वेगळे ऐकणारा कान दिलाय, इंग्रज बिचाऱ्याला तो नाही. म्हणून इंग्रजीत चिनी नावं लिहिताना त्या ह-साठी पी-नंतर एक अपॉस्ट्रफी टाकतात. अपॉस्ट्रफी असली की फान. नसली की पान. "एवढीशी टिकली," काका बोटाच्या पेरावर दाखवायचे, "तिच्या एका बाजूला मुंडकं गेलेला माणूस, दुसऱ्या बाजूला बढती मिळालेला."

मामलेदार त्यांना लाडके होते असं मात्र नाही. गुण सांगताना काका 'ते' म्हणायचे, दोष सांगताना 'तो'. "तो क्रूर होता. मूठभर धान्य चोरलं म्हणून बायकांचे हात तोडायचा. मेहुण्याला त्यानं बुरुजावरून ढकललं, उगाच, संशयावरून. चांगला माणूस नव्हताच तो." आणि मग आवाज बदलून, "पण दरवाजा त्यांनी उघडला नाही."

"पण काका, इतकी वर्षं यातच का घातलीत?"

"मला चिनी येतं, मला दिसलं. आता दिसल्यावर काय करू?"

दिसणंच जायला लागलं तेव्हा मात्र ते घाबरले. काचबिंदू होता. डॉक्टरांनी सांगितलं की कडेनं अंधार येत येत मध्यापर्यंत येईल, आणि एक डोळा तर गेल्यातच जमा आहे. लायब्ररीनं सांभाळून निवृत्त केलं. पीएच.डी.चा नाद काकांनी सोडला, पण मामलेदारांवर तीस-चाळीस पानांचा लेख एका छोट्या त्रैमासिकानं घ्यायचं कबूल केलं होतं. डोळे पुरते जायच्या आत तो छापून यावा, एवढंच आता त्यांना हवं होतं.

तेव्हा मी पुढे झालो. मी कम्प्यूटरचा विद्यार्थी. "काका, टाइपरायटर कशाला? मी युनिव्हर्सिटीच्या मशीनवर घालतो. सुंदर प्रिंट काढून देतो." त्या त्रैमासिकाची पद्धत अशी की लेखकानं पाठवलेल्या पानांचा तसाच्या तसा फोटो काढून छापायचं. मधे कुणी तपासणारा नाही.

मी महिनाभर टर्मिनलवर बसून लेख घातला. पानं बसवणारा प्रोग्रॅम मात्र पुढे एस नसलेली अपॉस्ट्रफी दिसली की अडायचा. त्याला ती खूण म्हणजे भलतीच आज्ञा वाटायची, आणि अर्धी ओळ गिळून तो पुढे जायचा. परीक्षा तोंडावर होती. मी एक युक्ती केली, जिचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता. मशीनला सांगितलं, जिच्यापुढे एस आहे तेवढी अपॉस्ट्रफी ठेव, बाकीच्या सगळ्या काढून टाक. चिनी नावांतल्या नंतर हातानं घालू. परीक्षा झाली. प्रिंट फार देखणी आली. 'नंतर'चं मी पार विसरून गेलो.

लेखाच्या शेवटी नावांची यादी होती: इंग्रजी नाव आणि शेजारी काकांनी दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं काढलेलं चिनी अक्षर. मी यादीही नव्यानं छापली आणि काकांची अक्षरं कापून एकेका नावाशेजारी चिकटवायला बसलो. बघतो तर 'पान' लागोपाठ दोनदा. चिनी अक्षरं मला सगळी सारखीच; म्हटलं, म्हाताऱ्याची नजर गेली, डुप्लिकेट झालं. एक मी कात्रीनं उडवलं. ते मामलेदार होते.

पाठवण्याआधी काकांनी लेख माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतला. तीन रविवार, दुपारी, खिडकीशी. ते डोळे मिटून ऐकायचे. आणि मी, गाढव, इतका तयार झालो होतो, की पुढे 'पान' छापलेलं असतानाही संदर्भानं जिथे मामलेदार असतील तिथे ओठ मिटून स्वच्छ फान म्हणत होतो. दोन हिवाळ्यांची मेहनत होती ती. काका एकदाही अडले नाहीत. शेवटी म्हणाले, "फ आला तुला." लेख पाठवला.

अंक आला तोवर काकांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. मी तो पहिल्यांदा उघडला आणि दुसऱ्या पानावरून परत पहिल्यावर गेलो. दोन माणसांची गल्लत झाली आहे हे सिद्ध करणारा लेख, आणि त्यात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच माणूस. पानला पानचा संशय येतो. पानला न सांगता पान दरवाजा उघडतो. मग पान पानचं मुंडकं वेशीवर टांगलेलं बघतो. वाचणाऱ्यानं काय समजायचं? की म्हातारा भ्रमिष्ट आहे.

"कसा झालाय?" काकांनी विचारलं.

"छान."

"कागद?"

"कागद चांगला आहे, काका."

त्यांनी तो हातात घेऊन वास घेतला. आणि मी गप्प बसलो. आज सांगू, उद्या सांगू करत दीड वर्ष गप्प बसलो. मधे मला डिग्री मिळाली, डेट्रॉइटजवळ नोकरी लागली, तरी मी खोली सोडली नाही. लोक म्हणायचे, पोरानं म्हाताऱ्याला टाकलं नाही हो. मी ते कौतुक ऐकून घ्यायचो.

मग लायब्ररीतल्या त्यांच्या जुन्या सहकारी बाईंचा फोन आला. कॅलिफोर्नियातल्या एका प्रोफेसरांच्या नव्या पुस्तकात तळटिपेत काकांच्या लेखाचा उल्लेख होता. त्यांनी त्या पानाची झेरॉक्स पाठवली. कुणीतरी आपलं नाव छापल्याचं काका आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. त्यांनी दाढी करून घेतली. धुतलेला शर्ट घातला, वरून तोच स्वेटर. खुर्चीत ताठ बसले. "वाच."

मी आधी मनात वाचलं. प्रोफेसर लिहीत होते: पान नावाच्या दोन वेगळ्या व्यक्ती असाव्यात अशी जुनी शंका आता ठेवायचं कारण नाही. ताज्या लेखात दोघांना एकच मानलेलं आहे, तेव्हा शहर फितुरीनं दिलं ते मामलेदारानंच, हे पक्कं धरावं. आणि खाली काकांचं नाव.

"वाच की रे."

मी वाचलं. म्हणजे बनवलं. इंग्रजीत, प्रोफेसरी आवाज काढून, की द सेड टू पर्सन्स वेअर टोटली डिफरंट, ॲज इज व्हेरी नाइसली प्रूव्ह्ड.

काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "परत वाच."

परत वाचताना मला पहिल्या वेळचे शब्द आठवेनात.

"हे इंग्रजी तुझं आहे," काका म्हणाले. "व्हेरी नाइसली प्रूव्ह्ड? अमेरिकन माणूस असं लिहीत नाही. मामलेदारांच्या नावाचं स्पेलिंग सांग."

"पी..."

"पुढे?"

मी झेरॉक्सची घडी घालायला लागलो.

"पी-नंतर काय छापलंय?"

"ए," मी म्हणालो. "ए, एन."

"त्या प्रोफेसरानं टिकली खाल्ली?"

"नाही काका. आपल्या लेखातच नाहीये. मी काढली."

मग सगळं सांगितलं. मशीन, परीक्षा, 'नंतर'. काकांनी मधे एकदाही थांबवलं नाही. फक्त विचारलं, "किती ठिकाणी?"

"सगळीकडे."

"यादीत तरी अक्षर आहे ना? माझ्या हातचं?"

कात्रीचंही सांगितलं.

"कुठलं ठेवलंस?"

"नायबाचं."

"म्हणजे त्याला पुन्हा बढती," काका म्हणाले. हसले असं वाटलं, पण तो आवाज खोकल्याचा होता. मी म्हणालो, काका, शिव्या द्या. त्यांनी दिल्या नाहीत. "त्या कारकुनाला रोज देतो," म्हणाले. "त्याला कधी विचारलं नाही, बाबा, काय झालं होतं? तुझी परीक्षा होती. त्याचं काय होतं कोण जाणे."

मी म्हटलं, शुद्धिपत्र पाठवू या. "हा लेख हेच शुद्धिपत्र होतं," काका म्हणाले. "त्याला आणखी एक शुद्धिपत्र लावायचं?" पण थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "घे कागद." आणि संपादकांच्या नावे इंग्रजीत सांगायला लागले. कुठल्या पानावर कुठल्या ओळीत टिकली हवी ते, पाठ असल्यासारखं. मग म्हणाले, "आता लिही. हा सर्व दोष लेखकाच्या हलगर्जीपणामुळे घडला."

"काका, चूक माझी आहे. तसंच लिहू."

"तुझं नाव घालू? मग वाचणारा विचारणार, हा कोण? मग त्याची टीप द्या. मूळ मुद्दा राहिला बाजूला."

"पण लोक म्हणतील, तुम्हीच..."

"म्हणू देत. लेखकाच्या. पुढे?"

इथे मला दुसऱ्यांदा नाही म्हणता आलं असतं. मी म्हणालो नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. मी तेव्हा दुसऱ्या कंपनीत अर्ज केला होता, आणि मशीनवरच्या कामातली अशी चूक छापून आलेली मला नको होती.

पत्र मीच टाइप केलं, या वेळी साध्या टाइपरायटरवर. एकेक अपॉस्ट्रफी तीनदा तपासली. पुढच्या अंकात ते आलं. लायब्ररीत जाऊन कुणीही काढून वाचू शकतो, दोष कुणाचा ते त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि खाली काकांची सही आहे. ती ओळीवर सरळ आली आहे, कारण सही करताना त्यांचं बोट मी धरून ठेवलं होतं.